भारताचा बाष्प टर्बाइनच्या सुट्या भागांचा परदेश व्यापार

बाष्प टर्बाइन म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणारे यंत्र. त्याचे रोटर (फिरणारा दांडा), पाती, केसिंग (बाहेरचे कवच), डायफ्राम (स्थिर पात्यांची चकती), ग्लँड सील (दांड्याजवळची वाफेची गळती रोखणारा भाग) इत्यादी भागांची भारतात होणारी आयात व भारतातून होणारी निर्यात यांचा या व्यापारात समावेश होतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या, 1988 पासून लागू असलेल्या एच. एस. (हार्मोनाइज्ड सिस्टिम) या मालवर्गीकरणात 8406 हे शीर्षक बाष्प टर्बाइनचे आहे. त्यात जहाज चालवणारी टर्बाइने, 40 मेगावॉटहून अधिक क्षमतेची इतर टर्बाइने आणि त्याहून लहान टर्बाइने अशी पूर्ण यंत्रांची विभागणी असून सुट्या भागांना 8406.90 हे उपशीर्षक दिले आहे. भारतीय आठ अंकी पद्धतीत तेच 8406 90 00 असे लिहितात. जलटर्बाइनसाठी 8410 आणि वायुटर्बाइनसाठी (गॅस टर्बाइन) 8411 ही वेगळी शीर्षके आहेत. त्यामुळे कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रासाठी आलेला सुटा भाग या आकडेवारीत येत नाही.

कोलकात्याचे वाणिज्यिक आसूचना व सांख्यिकी महानिदेशालय एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षानुसार हे आकडे प्रसिद्ध करते. मात्र ते वाचताना सावध राहावे लागते. वर्गीकरणाच्या नियमानुसार, जो भाग स्वतःच 84 किंवा 85 व्या प्रकरणातील एखाद्या शीर्षकात बसतो तो त्या शीर्षकाखाली जातो. केवळ किंवा मुख्यतः टर्बाइनलाच उपयोगी पडणारा उरलेला भाग तेवढा 8406.90 मध्ये धरला जातो. समजा, एका संचाच्या (टर्बाइन व जनित्राच्या जोडीच्या) ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून करायच्या दुरुस्तीसाठी, परदेशातून एकच पेटी आली. तिच्यातील पाती 8406.90 मध्ये, झडपा 8481 मध्ये, शाफ्टची बेअरिंगे 8483 मध्ये आणि केसिंग आवळण्याचे नट-बोल्ट पोलादी वस्तूंच्या 7318 मध्ये नोंदले जातील. रोटरसाठी घडवलेल्या ओबडधोबड पोलादी ठोकळ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्याला तयार रोटरचे मूळ स्वरूप आले असेल तर तो टर्बाइनचा भाग ठरतो, नसेल तर निव्वळ पोलाद. म्हणून 8406.90 चा आकडा हा टर्बाइनच्या देखभालीसाठी सीमेपार गेलेल्या सगळ्या मालाचा आकडा नव्हे, त्याहून तो बराच कमी असतो.

या व्यापाराची दिशा यंत्राच्या वंशावळीवरून ठरते. वीजकेंद्रातील टर्बाइन तीस-चाळीस वर्षे चालते आणि तेवढा काळ त्याचे भाग मूळ आराखड्याला धरूनच घ्यावे लागतात. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा (भेल) हरिद्वारचा कारखाना सोव्हिएत मदतीने, तर हैदराबादचा चेकोस्लोव्हाक मदतीने उभा राहिला. पुढे 1970 च्या दशकात भेलने पश्चिम जर्मनीच्या क्राफ्टवेर्क युनियनकडून मोठ्या संचांचे तंत्रज्ञान घेतले. त्यामुळे देशात एकाच 210 मेगावॉट क्षमतेचे संच दोन वेगळ्या घराण्यांचे आढळतात आणि एकाचे पाते दुसऱ्याला बसत नाही. अकराव्या व बाराव्या पंचवार्षिक योजनांच्या काळात, म्हणजे 2007 ते 2017 या दशकात, खाजगी वीज कंपन्यांनी शांघाय, डोंगफांग आणि हार्बिन या चिनी उत्पादकांचे संच मोठ्या प्रमाणावर आणले. त्यांच्यासाठी सुटे भाग मागवायचे तर मूळ आराखडे चीनमध्ये आहेत.

मूळ उत्पादकाशी असे अडकून पडण्याचे कारण पात्याकडे जवळून पाहिले की उमगते. कमी दाबाच्या टर्बाइनमधील शेवटच्या ओळीचे पाते सुमारे मीटरभर लांब असू शकते. मिनिटाला 3000 फेरे घेताना त्याचे टोक सेकंदाला 500 मीटरच्या आसपास, म्हणजे हवेतील ध्वनीपेक्षाही वेगाने धावते. पात्याचे मूळ देवदाराच्या झाडासारखे खाचाखाचांचे घडवलेले असते आणि रोटरच्या चकतीतील तशाच खोबणीत ते अचूक बसावे लागते. तेथे थोडीही ढिलाई परवडत नाही. शिवाय जनित्राला थेट जोडलेली मोठी टर्बाइने भारत, युरोप व चीन येथील 50 हर्ट्झच्या जाळ्यावर 3000 फेऱ्यांनी, तर अमेरिकेसारख्या 60 हर्ट्झच्या देशांत 3600 फेऱ्यांनी फिरतात. लांब पात्यांची बाजारपेठ त्यामुळे आपोआप दुभंगते. गिअरबॉक्समधून जनित्र फिरवणाऱ्या लहान टर्बाइनांना हे बंधन नाही.

आयातीला आवर घालण्याचा सरकारी प्रयत्न दोन वेळा ठळकपणे झाला. जुलै 2012 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वीजनिर्मितीच्या यंत्रसामग्रीवर एकूण सुमारे 21 टक्के शुल्क मंजूर केले. जुलै 2020 मध्ये, भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतील निविदाकारांना सरकारी खरेदीत आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. तोवर हाजिरा येथे लार्सन अँड टुब्रो व मित्सुबिशी यांचा आणि चेन्नईजवळ तोशिबा व जेएसडब्ल्यू यांचा टर्बाइन कारखाना उभा राहिला होता. मात्र देशात जुळणी वाढली म्हणजे आयात थांबते असे नाही. पूर्ण यंत्राऐवजी रोटरचे ठोकळे आणि विशेष पाती येऊ लागतात, आणि मालाचे उपशीर्षक तेवढे बदलते.

निर्यातीची बाजू लहान व मध्यम टर्बाइनांमुळे भक्कम आहे. बंगळूरची त्रिवेणी टर्बाइन ही कंपनी 100 मेगावॉटपर्यंतची यंत्रे बनवते आणि साखर, कागद, रसायने अशा उद्योगांसाठी ती परदेशी पाठवते. विकलेल्या यंत्रामागोमाग पुढील अनेक वर्षे सुटे भागही जातात. हैदराबादच्या आझाद इंजिनिअरिंगची गोष्ट वेगळी आहे. ती पूर्ण टर्बाइन बनवत नाही, पण सीमेन्स एनर्जी, मित्सुबिशी व जीई व्हर्नोव्हा (पूर्वीच्या जनरल इलेक्ट्रिकचा ऊर्जा व्यवसाय) यांसारख्या बड्या टर्बाइन उत्पादकांना पाती पुरवते. महाराष्ट्रात या व्यापाराचा ग्राहक म्हणजे महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रांबरोबरच बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करणारे साखर कारखाने. तेथे टर्बाइन उघडण्याची मुभा गळीत हंगाम संपल्यापासून पुढचा बॉयलर पेटेपर्यंतच असते, त्यामुळे बाहेरून यायचा सुटा भाग पावसाळ्यात बंदरावर पोहोचला पाहिजे, नाहीतर अख्खा हंगाम जुन्या पात्यांवर काढावा लागतो.

दुरुस्तीसाठी परदेशी पाठवून परत आणलेल्या रोटरला सीमाशुल्काचा वेगळा नियम लागू होतो. ठरावीक अटी पाळल्यास शुल्क रोटरच्या पूर्ण किमतीवर न आकारता दुरुस्तीचा खर्च आणि जाण्यायेण्याचे भाडे व विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते.