हरवलेले ४५०

४७ गुणिले ३६ तोंडी करायला सांगितलं, की पाढे पाठ असलेली मुलंही हमखास एका जागी घसरतात. चाळीस गुणिले तीस बाराशे, सात सक बेचाळीस, झाले बाराशे बेचाळीस! खरं उत्तर १६९२. मग मधले ४५० गेले कुठे?

चौकटींच्या कागदावर ४७ चौकटी लांब आणि ३६ चौकटी रुंद असा आयत आखा. लांबीत ४० वर आणि रुंदीत ३० वर एकेक रेघ मारा. आयताचे चार तुकडे होतात. मोठा तुकडा ४० × ३०, म्हणजे १२००. समोरच्या कोपऱ्यातला चिमुकला ७ × ६, म्हणजे ४२. उरल्या कडेच्या दोन पट्ट्या: ४० × ६ = २४० आणि ७ × ३० = २१०. त्यांची बेरीज ४५०. मुलानं कोपरे मोजले, पट्ट्या विसरला. ही चूक शब्दांनी समजावत बसण्यापेक्षा एकदा आखून दाखवावी.

उभ्या मांडणीतही हेच चार तुकडे असतात, फक्त दोन ओळींत दडलेले. ४७ ला ६ ने गुणून २८२. दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारून १४१. ती फुली का, हे अनेकांना मोठेपणीही सांगता येत नाही. आपण ३ ने नाही, ३० ने गुणतोय. ते १४१ दशक आहेत, म्हणजे १४१०. फुली ही शून्याचीच जागा. (मला विचाराल तर सुरुवातीला तिथे सरळ शून्यच लिहू द्यावं.)

तुकडे दशक-एककाचेच हवेत असंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणायच्या अनेक रीती दिल्या आहेत. त्यात १२ चे ८ आणि ४ करणंही आहे आणि स्थानांनुसार १ व २ असे वेगळे करणंही. उत्तर दोन्हीकडे १६२०. स्थानांनुसार फोडण्याची सोय एवढीच, की नऊपर्यंतचे पाढे आले तर कितीही मोठी संख्या गुणता येते.

मात्र संख्या लांबली की तुकडे भराभर वाढतात. अंक दुप्पट, तर गुणाकार चौपट. याहून वेगवान रीत नसावी, असा गणितज्ञ कोल्मोगोरोव यांचा कयास होता. १९६० मध्ये मॉस्कोत तो ऐकून अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आठवड्याभरातच तो खोटा ठरवला. त्याची युक्ती आपल्याच आकड्यांवर पाहा. चार त्रिक बारा, सात सक बेचाळीस. आता ४ + ७ = ११ आणि ३ + ६ = ९; त्यांचा गुणाकार ९९. त्यातून १२ आणि ४२ वजा केले की उरतात ४५. हे ४५ दशक, म्हणजे तेच हरवलेले ४५०. दोन्ही पट्ट्या एकदम हाती आल्या, चारऐवजी तीन गुणाकारांत. ४७ आणि ३६ साठी हा खटाटोप नकोच. पण हजारो अंकी संख्या गुणताना संगणक प्रत्येक तुकडा असाच पुन्हा पुन्हा फोडतो आणि दर वेळी चारातला एक गुणाकार वाचवतो.