भट्टीची प्लेट आगीकडून खाल्ली जातेय की पाण्याकडून?

घर गरम ठेवण्यासाठी घराबाहेर बसवलेल्या लाकूडभट्टीची रचना साधी असते. मध्ये जळणाची कोठी, तिच्या चहूबाजूंनी पाण्याचं जॅकेट, वर आखूड धुराडं. आग जॅकेटमधलं पाणी तापवते, पंप ते जमिनीखालच्या पाइपांतून घरात नेतो आणि गार झालेलं पाणी परत आणतो. आग आणि पाणी यांच्यामध्ये असते ती पोलादाची एक प्लेट, साधारण ६ मिलिमीटर जाडीची.

ही प्लेट दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते आणि दोन्हींची कारणं अगदी वेगळी आहेत. आगीच्या बाजूला धुरातलं आम्ल, डांबर आणि ओलसर राख. पाण्याच्या बाजूला विरघळलेला प्राणवायू आणि बिघडलेला पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे याचा आकडा. भोक पडल्यावर दिसतं मात्र एकच, कोठीत पाणी. म्हणून दोन्हींना सरसकट ‘गंज’ म्हटलं जातं आणि उपायही एकच होतो, जॅकेटमध्ये गंजरोधकाचा आणखी एक कॅन. ते रसायन प्लेटच्या पलीकडे पोचतच नाही. उलटंही तितकंच खरं आहे. लाकूड कितीही वाळलेलं जाळलं, तरी जॅकेटमधला प्राणवायू त्याने कमी होत नाही.

आगीची बाजू

लाकूड खडखडीत वाळलेलं असलं तरी धुरात पाणी असतंच. लाकडातल्या हायड्रोजनमुळे १ किलो पूर्ण कोरडं लाकूड जळताना जवळपास अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात नव्याने तयार होतं. २० टक्के ओलाव्याचं १० किलो सरपण घेतलं, तर त्यातलं २ लिटर पाणी आणि जळताना तयार झालेलं सव्वाचार लिटर, मिळून सव्वासहा लिटर वाफ धुराड्याकडे निघते. तेच सरपण ४५ टक्के ओलं असेल तर वाफ साडेसात लिटर होते. फरक थोडा वाटतो, पण ओल्या सरपणातून उष्णताही खूपच कमी मिळते. तेवढ्याच उष्णतेमागे वाफेचा हिशोब केला तर तो जवळपास दुप्पट होतो.

आता कोठीची भिंत पाहा. आतल्या निखाऱ्यांचं तापमान कितीही असो, भिंतीच्या मागे पाणी असल्यामुळे ती पाण्यापेक्षा फार तापत नाही. धुरातली वाफ साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसच्या खाली पाणी होऊन भिंतीवर बसते. परतीचं पाणी ४० अंशांचं येत असेल, तर ते जिथे जॅकेटमध्ये शिरतं त्या भागाला आतून अक्षरशः घाम फुटतो. हे पाणी साधं नसतं. त्यात ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्ल असतं, फिनॉल असतात, न जळलेलं डांबर असतं. धुराड्यात डांबराचे जड घटक त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला, साधारण १२० अंशांखालीच, चिकटू लागतात. या सगळ्या थराला क्रिओसोट म्हणतात.

त्याच्या तीन अवस्था ओळखता आल्या पाहिजेत. पहिली भुरभुरीत काजळी, ब्रशने सहज निघते. दुसरी काळे, चकाकणारे पोपडे. यांना तारेचा ताठ ब्रश आणि खरवडणी लागते. तिसरी काचेसारखा घट्ट थर, जो ब्रशला दाद देत नाही आणि पेटला तर धुराड्यात १००० अंशांच्या वरची आग लावतो. धुराड्यात थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई पुढे ढकलू नये.

कोठीच्या भिंतीवरचा सुका, पातळ काळा थर स्वतः फारसं नुकसान करत नाही. नुकसान होतं ते तो ओला राहिला की. आणि सर्वांत वाईट जागा म्हणजे खालचे कोपरे. तिथे राख साचते, राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि वरून आम्लाचे ओघळ येत राहतात. राखेखालची प्लेट ओली, हवेपासून झाकलेली आणि क्षारांनी वेढलेली राहते. त्यामुळे झीज सगळीकडे सारखी न होता राखेच्या रेषेलगत आणि दाराच्या चौकटीपाशी खोल जाते.

भट्टी सर्वांत जास्त डांबर बनवते ती विसाव्यात असताना. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की नियंत्रक हवेची झडप बंद करतो, आग विझत नाही, नुसती धुमसते. लाकडातले वायू पूर्ण जळायला ६०० अंशांच्या वरचं तापमान आणि भरपूर हवा लागते. धुमसत्या आगीत दोन्ही नसतं. म्हणजे गरजेपेक्षा मोठी भट्टी घेणं, किंवा थंडी बेताची असताना कोठी गच्च भरणं, हे ओल्या लाकडाइतकंच घातक आहे. उबदार दिवसांत अर्धी कोठी भरा, पुढच्या १२ तासांत संपेल इतकंच सरपण टाका. भट्टीला मोठी साठवण टाकी जोडलेली असेल तर आग जोरात जळून संपते आणि उष्णता पाण्यात साठून राहते. डांबर कमी करणारा याहून चांगला बदल दुसरा नाही, पण तो खर्चिक आहे.

स्वस्तात होणारी कामं अशी. सरपण फोडून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवून वाळवा. टणक लाकडाला दोन वर्षंही लागतात. ओलावा मोजताना ओंडक्याच्या टोकाला मीटर लावू नका, तिथे नेहमीच कोरडं दिसतं. ओंडका नव्याने फोडा आणि ताज्या फाकेच्या मधोमध सुया रोवा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: सुयांचे मीटर ओलावा कोरड्या वजनाच्या हिशोबात दाखवतात. मीटरवरचे २५ टक्के म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के.

परतीच्या पाइपवर, भट्टीच्या अगदी जवळ, पट्ट्याने बसणारा थर्मामीटर लावा. आग चालू असताना तिथे ६० अंशांच्या खाली आकडा राहत असेल तर तापमानावर चालणारी मिश्रणझडप बसवा. ती भट्टीतलंच थोडं गरम पाणी परतीच्या पाण्यात मिसळून मगच आत सोडते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात साधारण १० अंशांचा फरक ठीक आहे. तो १५-२० वर गेला असेल तर पंप कमी पडतोय किंवा पाइप अरुंद आहे, आणि त्याचा भुर्दंड प्लेट भरते. नियंत्रकावर पाण्याची वरची मर्यादा ८० ते ८५ अंश ठेवा. सरपण वाचवण्यासाठी ती ६५ वर आणणं म्हणजे भिंत दिवसभर ओली ठेवणं.

दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी आणि हवेची झडप महिन्यातून एकदा तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा शिरते. झडपेच्या पाकळीखाली डांबराचा खडा अडकला तर ती पूर्ण मिटत नाही आणि पाणी उकळेपर्यंत आग चालू राहते. डांबराने ती चिकटून बसली तर उघडतच नाही.

काही ठिकाणी काजळी निघावी म्हणून आगीत मीठ टाकण्याचा सल्ला मिळतो. टाकू नका. मिठातलं क्लोराइड पोलादाचं शत्रू आहे आणि काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीललाही ते तडे पाडतं. प्लास्टिक, रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड, सगळं वर्ज्य. त्यातल्या पहिल्या तिघांचा धूर माणसालाही विषारी असतो.

पाण्याची बाजू

इथे डांबराचा संबंध नाही. या भट्ट्यांचं जॅकेट बहुधा वरून हवेला उघडं असतं, त्यामुळे दाब वाढत नाही, पण पाण्यात प्राणवायू सतत विरघळत राहतो. १० अंशांच्या ताज्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तापलं की त्यातला बराचसा बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि प्लेटला चिकटतो. तिथे लालसर गाठ तयार होते आणि गाठीखाली खड्डा खोल होत जातो. बाजूची प्लेट अखंड, मध्येच सुईएवढं भोक, ही या झिजेची खूण आहे.

म्हणून वारंवार नवं पाणी भरणं हा पाण्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा अपराध. दर आठवड्याला पातळी खाली जात असेल तर बादली आणण्याआधी ती का जातेय हे शोधा. पंपाचं सील, जमिनीखालचा सांधा, उकळून जाणारी वाफ, यांपैकी काहीतरी असतं. प्लास्टिकचे पाइप प्राणवायू रोखणाऱ्या थराचे असले तर बरं. नुसत्या प्लास्टिकच्या भिंतीतून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो.

गंजरोधकाची मात्रा अंदाजाने घालू नका. कमी मात्रा कधी कधी मुळीच नसण्यापेक्षा वाईट ठरते, कारण झीज उरलेल्या थोड्या उघड्या जागांवर एकवटते. आधी एकूण पाणी मोजा: जॅकेट, घरातला उष्णताविनिमयक (गरम पाण्यातली उष्णता घरात सोडणारा भाग) आणि पाइप. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे ५० मीटरच्या चरात जाण्यायेण्याचे मिळून ५० लिटर. नायट्राइटची रसायनं या कामात सर्रास वापरतात. त्यांची पातळी रंग बदलणाऱ्या चाचणीपट्टीने मोजता येते, पण काही जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतात, त्यामुळे एकदा घातलं की झालं असं होत नाही. हंगामात दर दोन महिन्यांनी पट्टी बुडवा. पीएच साधारण ८.५ ते ९.५ ठेवा, नेमका पल्ला त्या रसायनाच्या डब्यावर असतो, तोच पाळा. उष्णताविनिमयक ॲल्युमिनियमचा असेल तर ९ च्या वर अजिबात जाऊ देऊ नका, जास्त अल्कली ॲल्युमिनियम खाते.

भरायचं पाणी जड, म्हणजे चुन्याच्या क्षारांचं, असेल तर सर्वांत गरम जागी, नेमकं आगीच्या वर, चुन्याचा थर बसतो. तो उष्णता अडवतो आणि प्लेट जास्त तापते. मृदू केलेल्या पाण्याने थर टळतो, गंज टळत नाही. गंजरोधक लागतोच.

नमुन्याचा रंग बरंच सांगतो. काचेच्या बाटलीत घेतलेलं पाणी लालसर असेल तर प्राणवायू आत्ता काम करतोय. बारीक काळी पूड खाली बसली आणि ती चुंबकाला धावली, तर तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा गंज, आहे; झीज झाली आहे, पण प्राणवायू तुलनेने कमी आहे. दोन्हीत सर्वांत खालच्या तोटीतून गाळ काढून टाका. गाळाखालीही प्लेट खाल्ली जाते.

कोठीत पाणी दिसलं, आता काय?

पहिली शक्यता भोकाची नाही, घामाची धरा. विशेषतः गार पाणी भरून भट्टी पहिल्यांदा पेटवली असेल तर भिंतींवरून धारा लागतात आणि खाली डबकंही साचतं. पाणी ८० अंशांपर्यंत न्या आणि घरातला पंप काही तास बंद ठेवून ते तसंच राहू द्या. भिंत सुकली तर तो घाम होता.

पातळीची खूण करताना एक चूक फार होते. २० अंशांवरून ८० अंशांवर जाताना पाणी सुमारे २.७ टक्के फुगतं. ८०० लिटरच्या भट्टीत हे २१-२२ लिटर झाले. गरम असताना खूण केली आणि गार असताना पाहिलं, तर गळती नसतानाही तेवढं पाणी गायब दिसतं. दोन्ही वेळा तापमान सारखंच असलं पाहिजे.

सर्वांत भरवशाची चाचणी पट्टीची. भिंतीच्या वरच्या भागातला थेंब घ्या, राखेला लागलेला नको, राख अल्कली असल्याने आकडा फिरवते. थेंब आम्लधर्मी निघाला, पीएच ३-४ च्या आसपास, आणि नायट्राइटची पट्टी कोरीच राहिली, तर ते धुराचं पाणी. पीएच ८-९ आणि नायट्राइटचा रंग उमटला, तर ते जॅकेटचं पाणी, म्हणजे गळती. जॅकेटमध्ये गंजरोधक घातलेलंच नसेल तर ही चाचणी अर्धीच उपयोगी पडते.

गळती ठरली तर दुरुस्ती करणाऱ्याला कापलेला तुकडा फेकू देऊ नका. तो हातात घेऊन कडेने पाहा. आगीची बाजू पसरट झिजून प्लेट कागदासारखी झाली असेल आणि पाण्याची बाजू गुळगुळीत असेल, तर सरपण, परतीचं पाणी आणि राख यांकडे वळा. पाण्याच्या बाजूला रुंद तोंडाचे खड्डे असून आजूबाजूची जाडी जवळपास मूळचीच असेल, तर पाण्याची पट्टी बुडवण्यात हयगय झाली. दोन्ही बाजू खडबडीत असतील तर ठिगळ लावण्याआधी जाडी मोजणाऱ्या ध्वनियंत्राने आसपासची प्लेट तपासून घ्या. पातळ प्लेटवर वेल्ड धरत नाही, शेजारीच नवं भोक पडतं.

हंगाम संपल्यावर दोन्ही बाजूंना नेमकी उलटी वागणूक लागते, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. कोठी पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी: राख कोपऱ्यांसकट काढा, भिंती खरवडा, धुराडं ब्रशने साफ करा, उघड्या पोलादावर तेलाचा पातळ हात फिरवा, धुराड्यावर टोपण घाला. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरा, निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. जॅकेट मात्र भरलेलंच ठेवा, गंजरोधकाची पातळी नीट करून. ते रिकामं केलं की ओल्या भिंतींना हवा लागते आणि पुढच्या हंगामापर्यंत सगळी आतली बाजू लाल होते. शेवटचं गरम पाणी रसायन टाकल्यावर पंपाने तासभर फिरवा, म्हणजे ते पाइपांतही पोचेल. आणि टोपण घातल्याची चिठ्ठी दाराच्या मुठीला बांधा. ते न काढता आग पेटवली तर सगळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दारातून तोंडावर येतो.