कोत दाझ्यूर

कोत दाझ्यूर : (फ्रेंच रिव्हिएरा). फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातील भूमध्य सागराची किनारपट्टी व पर्यटनप्रदेश. नीस, कान, आंतीब, माँतों, सँ त्रोपे ही येथील प्रमुख स्थळे. मोनाको हे स्वतंत्र राज्यही याच पट्ट्यात येते. पूर्वेला इटलीची सीमा ही हद्द सर्वमान्य आहे, पश्चिमेची मात्र नाही. कोणी ती ईएरपर्यंत मानतात, कोणी तुलाँ वा कासीपर्यंत नेतात.

नाव फ्रेंच लेखक स्तेफेन लिएजार यांच्या १८८७ मधील याच शीर्षकाच्या पुस्तकामुळे रूढ झाले. ईएरच्या उपसागराचा निळा रंग पाहून त्यांना ते सुचले, असे परंपरेने सांगतात. लिएजार मूळचे दीजाँचे, म्हणजे कोत-दोर (शब्दशः ‘सोन्याची कोत’) या जिल्ह्यातले. तेव्हा त्या नावातील ‘सोने’ काढून ‘निळाई’ घातली, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. फ्रेंच ‘कोत’चे डोंगरउतार व समुद्रकिनारा असे दोन्ही अर्थ होतात. कोत-दोरमध्ये पहिला अर्थ आहे (द्राक्षमळ्यांचा उतार), येथे दुसरा. ‘रिव्हिएरा’ हा शब्द त्याहून जुना. तो इटलीतील जेनोव्हाच्या किनाऱ्याचा. इंग्रजांनी तो पश्चिमेकडे ताणला.

आल्प्सच्या आडोशामुळे येथील हिवाळा सौम्य असतो. म्हणून १८ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे येणारे लोक हिवाळ्यातच येत. त्यांत क्षयरोगी बरेच. १८६० मध्ये नीस फ्रान्सकडे आले व १८६४ मध्ये तेथे रेल्वे पोचली, तेव्हा ही वर्दळ वाढली. त्या काळातील अनेक बडी हॉटेले समुद्रालगत नसून नीसच्या सीमिए टेकडीसारख्या ठिकाणी, दक्षिणेकडे तोंड करून बांधलेली आढळतात. उन्हाळ्यात ती बंद असत. उन्हाळी हंगाम १९२० नंतरचा. १९३६ मध्ये पगारी रजेचा कायदा झाल्यावर तो सामान्यांच्याही आवाक्यात येऊ लागला. पुढे टेकडीवरच्या अनेक हॉटेलांच्या सदनिका झाल्या.

नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. हे गोटे व्हार व पायाँ या नद्यांनी आणलेले. नद्यांना बांध घातले गेले, पात्रांतून खडी उपसली गेली, तसा पुरवठा आटला; आता नगरपालिका बाहेरून गोटे आणून टाकते. वाळू टाकून भागत नाही, कारण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ खोल कोसळतो व लाटांनी ओढून नेलेली वाळू परत येत नाही. कानच्या क्र्वाझेत या किनारी रस्त्यालगतच्या पुळणीवर उतार मंद असल्याने आणलेली वाळू टिकते, तरी पुन्हापुन्हा भर घालावी लागते. पोसिडोनिया या सागरी गवताच्या वाळक्या पानांचे थर हिवाळ्यात किनाऱ्यावर साचतात. ते लाटांचा मार अडवतात. हंगामापूर्वी पर्यटकांसाठी यंत्राने खरवडून काढले की पानांबरोबर वाळूही जाते.

पोस्टकार्डांवरची ताडवर्गीय झाडेही मूळची येथली नव्हेत. त्यांतील बरीचशी कॅनरी बेटांवरील खजूर जातीची असून १९ व्या शतकापासून लावलेली आहेत. २००६ पासून फ्रान्समध्ये त्यांवर सोंड्या भुंगा पडला. कोकणातील नारळबागांत हाच भुंगा उपद्रव देतो. अळ्या शेंड्याचा गाभा आतून पोखरतात, त्यामुळे सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही. मधली पाने एका बाजूला झुकेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मग झाड कापून त्याचा चुरा करावा लागतो, नाहीतर आतले भुंगे शेजारच्या झाडावर जातात.