चष्मा लावून नेम धरणाऱ्यांसाठी

रोजचा चष्मा बनतो तो मान ताठ आणि नजर समोर धरून. काचेचा मध्य त्याच हिशेबाने बसवतात. रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवलात की डोळा त्या मध्यातून बघतच नाही. नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो. पालथं झोपून नेम धरणाऱ्यांच्या तर फ्रेमची कडाच साइटच्या, म्हणजे बंदुकीवरच्या नेम धरायच्या खुणेच्या, आड येते. ‘नंबर बरोबर आहे, तरी धूसर दिसतं’ असं सांगत नेमबाज आमच्या फोंड्याच्या दुकानात येतात, तेव्हा बहुतेकदा नंबर खरंच बरोबर निघतो. चुकलेली असते काचेची जागा.

म्हणून नेमासाठी वेगळा चष्मा करायचा असेल तर उंच काचेची, हलवता येणाऱ्या नोजपॅडची फ्रेम घ्या. नोजपॅड जवळ आणले की चष्मा नाकावर थोडा वर बसतो आणि कडा नजरेतून हटते. नियमित स्पर्धा खेळणाऱ्यांनी एका गोल काचेची, हवी तशी फिरवता येणारी नेमबाजीची फ्रेम घ्यावी. तिची काच नजरेच्या रेषेला काटकोनात आणता येते.

आता नंबर. १० मीटरवरचं लक्ष्य आणि हात-दोन हातांवरची फ्रंट साइट (नळीच्या टोकाची), दोन्ही एकाच वेळी लख्ख दिसणं डोळ्याला शक्य नाही. लख्ख दिसायला हवी ती साइट. लक्ष्य थोडं मऊ दिसलं तरी चालतं. साइट डोळ्यापासून सुमारे मीटरभर असेल तर डोळ्याचा फोकस दोन मीटरवर ठेवणं सोयीचं: साइट स्पष्ट राहते आणि लक्ष्यही फार धूसर होत नाही. त्यासाठी दूरच्या नंबरात +०.५० मिळवायचे. −२.०० वाल्याला −१.५० ची काच. पिस्तूल त्याहून जवळ, तिथे +०.७५ लागू शकतात. शाळकरी मुलांना हे बहुतेकदा लागत नाही, त्यांचा डोळा स्वतःच जुळवून घेतो. चाळिशीनंतर मात्र फरक लगेच कळतो. हा चष्मा घालून स्कूटर चालवू नका. आणि प्रोग्रेसिव्ह काचा (वरून खाली नंबर बदलत जाणाऱ्या) नेमासाठी नकोत: मान जरा हलली की नंबर बदलतो.

काहीजण म्हणतात, दुपारी साइट छान दिसते, संध्याकाळी दिसत नाही. यात नवल नाही. कडक उन्हात बाहुली बारीक होते आणि जवळचं-दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. उजेड उतरला की ती मोठी होते आणि नंबरातली लहानशी कसरही उघडी पडते. तपासणीला येताना तुमच्या सरावाची वेळ जरूर सांगा.

उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्यांचा हिशेब निराळा: पूर्ण दूरचा नंबर, मोठी काच. आपल्याकडच्या हिरव्या झाडीपुढे केशरी तबकडी उठून दिसायला लालसर छटा उपयोगी. पिवळ्या काचेने उजेड वाढतो हा गैरसमज. ती उजेड थोडा कमीच करते, फक्त कडा ठसठशीत दिसतात. पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी मारते, पण इलेक्ट्रॉनिक लक्ष्याचा स्क्रीन तिच्यातून काळा दिसू शकतो.

काच कोणतीही असो, मजबुतीला तडजोड नको. पॉलिकार्बोनेट हे काचेसाठीचं मजबूत प्लास्टिक आघात सोसतं, पण कडेतून पाहिल्यास रंगीत किनार दिसते. ट्रायव्हेक्स या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये ती कमी असते, किंमत जास्त. अंगणात माडाला डबा टांगून एअरगन चालवणारे हे कधीच मनावर घेत नाहीत, आणि नेमक्या अशाच पत्र्यावरून छर्रा उलटा येतो. शेजारी उभ्या असलेल्यांनाही चष्मा हवा, नंबर नसला तरी. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर वरून साधा संरक्षक चष्मा घालाच.

पावसाळ्याचं काय? एसी गाडीतून उतरलात की थंड काचेवर लगेच वाफ धरते. पोचण्याआधी दहा मिनिटं एसी बंद करून खिडक्या उघडा, निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी अँटी-फॉग स्प्रे. शर्टाच्या टोकाने काच पुसू नका. घामाचं मीठ आणि धूळ कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी पाण्याने धुवा, साबणाचा एक थेंब चालेल, मग मऊ कापड. घरी नोजपॅडच्या स्क्रूकडे बघा: खाऱ्या हवेने तिथे हिरवट थर धरलेला दिसेल. तो साफ करायला आमच्याकडे पैसे लागत नाहीत.

कानावर आवाज अडवणारे मफ घालत असाल तर काडी पातळ आणि चपटी हवी, नाहीतर मफ नीट बसत नाही, आवाज आत शिरतो. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा ताठरतो आणि थकवा लवकर येतो. त्या काचेवर धुरकट टेप लावा. रायफल-पिस्तूल स्पर्धेत अशी पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

शिकारीसाठी चष्मा विचारणारेही येतात, म्हणून सांगून ठेवतो: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि पीकरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

येताना जुना चष्मा, तुम्ही नेम धरून उभे किंवा झोपलेले असतानाचा बाजूने काढलेला फोटो आणि डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर आणा. हे माप बंदूक रिकामी आहे याची खात्री करून दुसऱ्या कोणाकडून टेपने घ्यावं. बंदूक मात्र दुकानात आणू नका.