अलल डुर्रपासून बेलवलकरांपर्यंत : नटाचा आवाज पात्राचा कसा झाला

सांगलीत भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग बघताना एक गोष्ट हमखास दिसते. पहिल्या अंकातला तरणाबांड नायक तिसऱ्या अंकात म्हातारा होतो. केसांना पांढरी पावडर, हातात काठी आणि आवाजात थरथर. थरथर आली की प्रेक्षकांनी वीस वर्षं गेली असं समजायचं. पोरांची चूक नाही. आवाजानं पात्राचा प्रकार सांगायचा ही सवय आपल्या रंगभूमीला जन्मापासूनची आहे. पात्र आतून बदलतंय हे आवाजानं सांगायला तिला बराच काळ लागला.

जन्म इथलाच. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली आणि तसं काहीतरी आपल्याकडंही व्हावं, असं सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या मनात आलं. त्यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यात आवाजाची वाटणी बघण्यासारखी होती. पदं सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणायचे. राम असो की रावण, सीतेचं दुःख असो की जनकाची काळजी, गळा सूत्रधाराचाच. त्या त्या पात्रानं अभिनय करायचा आणि पद संपलं की जागेवर सुचेल ते भाषण करायचं. संवाद लिहिलेले नसत. देव, राक्षस, स्त्रिया अशा पार्ट्या ठरलेल्या. राक्षस आला की ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकायचा, पोरंटोरं आयांना बिलगायची. ही आरोळी पहिल्या प्रवेशाला जशी, तशीच मरतानाही. राक्षस बदलणारच नव्हता, मग आवाजानं तरी का बदलावं?

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पात्रं स्वतःची पदं स्वतः गाऊ लागली. आवाज सूत्रधाराकडून पात्राकडं आला, हे मोठंच पाऊल. पण गाण्याची एक अडचण असते. गायक नटाची पट्टी ठरलेली. प्रसंग सुखाचा असो वा दुःखाचा, सूर हलून चालत नाही. १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिलेले बालगंधर्व, आपल्या नागठाण्याचे, पुढं ‘एकच प्याला’त दारूड्या सुधाकराची बायको सिंधू झाले. सिंधूची गरिबी त्यांनी ठिगळाच्या लुगड्यातून दाखवली. गळा मात्र गोडच राहिला, आणि प्रेक्षकांनाही तो तसाच हवा होता. हे म्हटलं की आमच्याकडची जुनी मंडळी अजून रागावतात. रागावोत.

आवाजानं माणूस बदलून दाखवायचं खरं काम झालं ते गद्य नाटकात, आणि त्यात सातारा पुढं होता. शाहूनगर म्हणजे सातारा. त्या नावाची शाहूनगरवासी नाटक मंडळी आणि तिचे गणपतराव जोशी. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं मराठी ‘विकारविलसित’ केलं, ते १८८३ ला छापून निघालं. त्यातला राजपुत्र गणपतरावांनी गाजवला. या भूमिकेत नटाला दोन गळे लागतात. दरबारासमोर वेडाचं सोंग घेतलेला एक आणि एकटा असताना स्वतःशी बोलणारा दुसरा. शिवाय सोंग कुठं संपतं आणि खरं वेड कुठं सुरू होतं, याचा संशय प्रेक्षकाच्या मनात राहायला हवा. तिथं आरोळीचा काय उपयोग? तेही माईक नसताना, शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं. पुटपुटणंसुद्धा पल्लेदार हवं.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे या कामातले मास्तर. त्यांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. ती भूमिकाही गणपतरावांनी केली. भारदस्त, सावकाश बोलणारा सेनापती संशयानं पोखरत जातो, तशी त्याची लांब वाक्यं तुटायला लागतात. गंमत म्हणजे तोच संशयाचा रोग देवलांनी ‘संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावाला दिला, पण तिथं हसू येतं. संगीत रूपातल्या त्या नाटकात १९१६ साली फाल्गुनराव झाले गणपतराव बोडस. झुंझाररावाचा संशय आवाजाला खाली ओढतो, फाल्गुनरावाचा वर चढवतो. एकाचा श्वास कोंडतो, दुसऱ्याला धाप लागते.

याच बोडसांनी १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तला सुधाकर केला. नाटक रंगमंचावर आलं तेव्हा ते लिहिणारे राम गणेश गडकरी हयात नव्हते. सुधाकर वकील आहे, म्हणजे शब्द धारेवर धरणारा माणूस. दारू आधी पकडते ती त्याची जीभच. म्हणून या भूमिकेत झिंगण्यापेक्षा शुद्धीवरचं बोलणं अवघड. आदल्या प्रवेशातलं स्वच्छ वकिली मराठी कानात बसलेलं नसेल, तर पुढची लडबड नुसती नकल ठरते.

तमाशाचा रस्ता वेगळाच. गवळणीतली मावशी डोक्यावर पदर ओढून बारीक आवाज काढते, दाढीचे खुंट दिसत असतानाच. वगात राजा व्हायला कपडेपटात जावं लागत नाही. एक गिरकी घेतली, आवाज लावला की झाला राजा. कवलापूरच्या काळू-बाळूंची तर आणखी मौज. जुळे भाऊ, चेहरा सारखा. मग हा कोण, तो कोण, हे ओळखायला प्रेक्षकाला बोलण्याची ढबच धरावी लागायची.

आणि मग डॉ. श्रीराम लागू. जन्म १९२७, सातारा. शिकले कान-नाक-घशाची शल्यक्रिया. स्वरयंत्र पडदा उघडून आतून पाहिलेला असा नट विरळाच, पण त्यावरून फार मोठा सिद्धांत मांडायला नको. डिसेंबर १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आलं आणि त्यातले म्हातारे अप्पा बेलवलकर लागूंनी उभे केले. बेलवलकर स्वतःच नट, त्यामुळं त्यांच्या आवाजाला दोन थर. एक कमावलेला, जुन्या रंगभूमीचा, सभागृह भरणारा. दुसरा घरातला, पोरांपुढं मिंधा होत जाणारा. नाटकभर पहिला थर झिजतो आणि खालचा दिसू लागतो. नट मंडळींचं चुकतं ते इथं. बेलवलकर करणारे बरेच जण पहिल्यापासूनच खचलेला आवाज लावतात. मग उतरायला पायरीच उरत नाही.

शेवटी फाटक्या कपड्यातले बेलवलकर आपण केलेल्या भूमिकांची नावं घेतात. त्यात ऑथेल्लो आहे, हॅम्लेट आहे, सुधाकर आहे. त्या वेळी आवाज पुन्हा पहिल्या थरावर चढतो, फक्त आता त्याला पुरेल एवढा श्वास छातीत नसतो.