सुई टोचली तर बोट पिळू नका

"वॉर्डात सुई टोचली की बोट पिळून रक्त काढा, वर स्पिरिट लावा, धोका टळतो." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. रत्नागिरी, ओरोस, अलिबागला मुलं मेडिकलला असलेले पालकही तो काळजीपोटीच पुढे पाठवतात. शिंगाळा माशाचा काटा शिरला की आपण बोट पिळतोच, म्हणून तो पटतो.

पण पिळल्याने विषाणू बाहेर पडतात असा पुरावा नाही. पेशी मात्र दुखावतात. स्पिरिटनेही चुरचुरण्यापलीकडे काही साधत नाही.

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. मग लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा, मध्यरात्र असली तरी. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्य तर 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात. कोर्स 28 दिवसांचा. बाधित रक्ताच्या सुईतून एचआयव्हीचा धोका सुमारे 0.3 टक्के. लस न घेतलेल्याला हेपटायटिस बी होण्याचा धोका 30 टक्क्यांपर्यंत जातो! म्हणून या लसीचे तिन्ही डोस घ्या आणि शेवटच्या डोसनंतर 1-2 महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने संरक्षण तयार झालं का, हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या; आकडा 10 mIU/mL किंवा अधिक हवा.

विमा असेल तर शिकताना झालेला संसर्ग त्यात धरलाय का, हे पॉलिसीत आजच वाचा. गोळ्या मात्र क्लेमसाठी थांबवू नका.