जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग : दोष आणि दोषशोध

जुन्या शेती ट्रॅक्टरच्या विद्युत मंडलातील बिघाड हुडकून काढण्याचे काम. महाराष्ट्रात ते तालुक्याच्या रस्त्यावरचा बॅटरी-डायनामोवाला करतो, आणि बऱ्याचदा शेतकरी स्वतःच करतो. ‘जुना’ म्हणजे येथे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेला १२ व्होल्टचा डिझेल ट्रॅक्टर अभिप्रेत आहे : इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्यावर भारतात बनलेला महिंद्राचा बी-२७५ किंवा टॅफेचा मॅसी फर्ग्युसन १०३५ यांच्या पिढीतला.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते, आणि इंजिन बंद करायला स्टॉपची दांडी ओढली की पुरते. त्यामुळे बॅटरी मेलेला ट्रॅक्टरही एकदा सुरू झाला की दिवसभर नांगरट करतो. संध्याकाळी उतारावर लावायचा आणि सकाळी धक्क्यावर घ्यायचा, अशी वर्षे निघतात आणि वायरिंगकडे कोणी पाहत नाही. मग उसाच्या हंगामात, भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रात्री कारखान्याच्या वाटेवर असताना, सगळे साचलेले दोष एकदम वर येतात.

या मंडलाचे तीन भाग पडतात. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरपर्यंतची) जाड केबल, डायनामो किंवा अल्टरनेटर या वीज बनवणाऱ्या यंत्राकडून बॅटरीकडे येणारी चार्जिंगची वाट, आणि दिवे-हॉर्न-इंडिकेटरच्या बारीक वायरी. तिन्हींचा परतीचा रस्ता मात्र एकच : ट्रॅक्टरची बॉडी, म्हणजे अर्थ. दोष शोधताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच परतीच्या रस्त्याकडे. गावात पहिला संशय बॅटरीवर आणि दुसरा सेल्फवर जातो. दोन्ही बदलून झाल्यावर एखादा सुजाण मिस्त्री अर्थची, म्हणजे बॅटरीला बॉडीशी जोडणारी पट्टी सोडवतो आणि खाली गंज किंवा रंग दाखवतो. दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवला आणि दुसऱ्या दिवसापासून सेल्फ उचलेना, ही तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये. पट्टी पुन्हा बसवताना ती रंगावरच आवळलेली असते.

यामागचे गणित सोपे आहे. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो, तर थंड इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तर बल्बच्या वाटेत व्होल्टचा विसावा भागही खर्च होत नाही, पण सेल्फच्या वाटेत २ व्होल्ट तिथल्या तिथे जिरतात. ‘लाइट तर लख्ख लागतेय, मग बॅटरी चांगलीच आहे’ हा निष्कर्ष म्हणून अर्धवट ठरतो. ओझे नसताना खराब सांधाही चांगलाच दिसतो.

हेडलाइट लावून सेल्फ मारणे ही विनाखर्चाची पहिली परीक्षा. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि आवाजच आला नाही, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही : स्विच, सोलेनॉइड (सेल्फचा मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा त्याची बारीक वायर पाहावी. दिवे मंद होऊन सेल्फ कण्हत फिरला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फ आतून जाम आहे. ‘टक्’ आवाज होऊन दिवे पार मालवले, तर बहुधा बॅटरीच्या टर्मिनलचा किंवा मुख्य अर्थचा सांधा ढिला आहे.

मीटर असेल तर नेमके बोट ठेवता येते. स्टॉपची दांडी ओढून ठेवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर धरावी, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. कोणी सेल्फ मारत असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थमध्ये दोष आहे. तीच पिन शिशावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) सरकवत गेले की आकडा जिथे खाली पडतो, तोच खराब सांधा. पॉझिटिव्ह बाजूलाही हीच रीत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावी (सेलची झाकणे बंद ठेवून), पॉलिश पेपरने धातू चकाकता करावा, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावावे. सोडवताना आधी अर्थ, जोडताना अर्थ शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवर लावलेला पाना बॉडीला टेकून ठिणग्या उडतात. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा तिथे वाकताना तोंडात बिडी नसावी.

चार्ज झालेली बॅटरी आरामात असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन मध्यम गतीवर नेल्यावर आकडा १३.८ ते १४.४ हवा. तो वाढतच नसेल तर आधी फॅनबेल्ट दाबून पाहावा, मग यंत्रातले कार्बन, म्हणजे फिरत्या भागावर घासणारे ब्रश. १५ च्या पुढे जात असेल तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अशा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर सतत घालावे लागते. बोलीभाषेत डायनामो आणि अल्टरनेटर या दोन्ही यंत्रांना ‘डायनामो’च म्हणतात, पण इलाज वेगळे आहेत. खरा डायनामो बराच काळ पडून राहिला की त्याच्या लोखंडातले उरलेले चुंबकत्व जाते आणि तो वीज देईनासा होतो. तेव्हा फील्डची, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीची वायर सोडवून डायनामोवरच्या त्या टोकाला बॅटरीचा करंट क्षणभर टेकवतात. हाच प्रयोग अल्टरनेटरवर केला किंवा बॅटरी उलटी जोडली तर त्याच्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात. हूक किंवा मडगार्डला वेल्डिंग करण्याआधी अल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवाव्यात.

फर्ग्युसन टीई-२० (१९४६–५६) सारख्या जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. असे यंत्र हाती आले तर लाल केबल पाहून घाई करू नये. ब्रिटिश पद्धतीत वायरीच्या प्रत्येक रंगाचे काम ठरलेले होते : तपकिरी थेट बॅटरीची, काळी अर्थची, निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची. तीस-चाळीस वर्षे हातोहाती फिरलेल्या ट्रॅक्टरवर मात्र घरात उरलेली वायर मिळेल तिथे जोडलेली असते, म्हणून रंगावर नव्हे तर मीटरवर विश्वास ठेवावा.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर अर्थची केबल काढून ती आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये छोटा टेस्ट बल्ब जोडतात. सगळे स्विच बंद असूनही बल्ब पेटला तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक फ्यूज, आणि शेवटी डायनामोची वायर काढत जायचे. बल्ब ज्या वायरीशी विझतो तिकडे दोष. कटआउटचे (डायनामो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले की बॅटरी डायनामोतून उलटी रिकामी होते. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे घासून, सायलेन्सरजवळ वितळून, किंवा पावसाळ्यात शेडमध्ये उंदरांनी कुरतडल्याने शॉर्ट होतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधलेली असली की जळते ती वायर.

ट्रॉलीचे दिवे चालताना मिचकतात, त्याचे कारणही अर्थच. वेगळी अर्थ वायर नसली की परतीचा करंट ग्रीस लागलेल्या हूकपिनमधून जातो. इंडिकेटर दिला की मागचा दिवाही मंद उजळतो तेव्हा करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधत असतो. सॉकेटमधून स्वतंत्र अर्थ वायर नेली की दोन्ही थांबते.

‘डायरेक्ट करणे’ हा या क्षेत्रातला सर्वांत वापरातला आणि सर्वांत घातक शब्द. स्विच चालत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फची टोके जोडली की गिअरचा सुरक्षा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो तिथूनच पुढे जातो, आणि जोडणारा मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. अशा अपघातांत जगभर माणसे मेली आहेत.

टेप काढल्यावर दर हातभर अंतरावर पीळ मारलेला जोड निघू लागला, किंवा वायर वाकवताच तिचे आवरण तडकले, तर दुरुस्ती सोडून वायरिंगचा सेटच बदलावा. जुना सेट फेकण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून फोटो काढावेत. नवी वायर पत्र्यातून नेताना रबरी बुश घालावे, आणि हलत्या जागी थोडा ढील ठेवावा.